हात धुण्याआधी

मी, रोसेंडा पाल्मारेस, मयत डोमिंग पाल्मारेस यांची बायको, वय वर्षे पंचेचाळीस, धंदा मालिश, राहणार हारो, इलोइलो शहर, आज हे सांगते आहे आणि वकीलबाई सुमागायसाय ते टाइप करत आहेत. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करावी इतकं माझ्याकडे काही नाही. माझी बुद्धी शाबूत आहे, कान शाबूत आहेत, आणि हात तर अजून दोन माणसांना पुरतील इतके शाबूत आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं तर ते खोटं समजावं.

डोळ्यांचा या कागदाशी संबंध नसेल असं मला वाटलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, आहे. आंधळ्या माणसाचं मृत्युपत्र त्याला दोनदा मोठ्याने वाचून दाखवावं लागतं, एकदा साक्षीदाराने आणि एकदा नोटरीने, म्हणजे वकीलबाईंनीच. साक्षीदार तीन लागतात आणि तिघेही डोळस लागतात. आंधळ्याची साक्ष कायद्याला चालत नाही. म्हणजे ज्या पाच जणांच्या शेजारी मी पंधरा वर्षं काम केलं ते माझ्या मरणाला हजर राहू शकतात, या कागदाला नाही. हे त्या पाचांतल्या तेर्सोला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं. डोळसांनी जन्मभर आपल्याकडे बघितलंय, एकदा ऐकू देत."

वकीलबाई तरुण आहेत, फुकट काम करतात, आणि मी काही आडवं बोलले की त्यांची बोटं यंत्रावर थांबतात. थांबली की मी म्हणते, "तेही लिही गं इंदाय." लेकीच्या वयाच्या कोणालाही आम्ही इंदाय म्हणतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे वाचणाऱ्याला ताटकळायला नको. माझं बुधवारचं गिऱ्हाईक, मॉलचे मालक डॉन फाउस्तिनो बेर्मेहो, यांच्या मानेच्या बुडाशी, डाव्या हासळीच्या हाडावर, एक गाठ आहे. ती दुखत नाही, म्हणून त्यांना तिचा पत्ता नाही. मला आहे. वेळेवर कळली तर पैसेवाला माणूस अशा गाठीतून उठतो. ही बातमी माझ्या मालमत्तेतला सगळ्यात मोठा ऐवज आहे. बाकीचा फुटकळ आहे, तो आधी वाटून टाकते.

पहिलं कलम. देह.

माझ्या हृदयाची एक झडप लहानपणच्या तापात बिघडली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झालं असतं तर म्हातारी झाली असतीस. आता फेब्रुवारीतली कांदेलारियाची जत्रा मला ऐकू येणार नाही असं ते म्हणतात. शवपेटीचे हप्ते मी सात वर्षं भरत होते, शेवटचा या मार्चमध्ये भरला. म्हणजे मरायची सोय झाली आहे. नऊ दिवसांच्या प्रार्थनेला जे येतील त्यांना पाव द्यावा. तो शेजारच्या बेकरीतला असावा, ताजा असावा. बेकरीवाली मानांग देल्या (थोरल्या बाईला आम्ही मानांग म्हणतो, पुरुषाला मानोंग) कालचा पाव गरम करून ताजा म्हणून देते. मला वास कळतो, तिला वाटतं कळत नाही.

दुसरं कलम. खाट आणि नियम.

मालिशची खाट, दोन उशा, सात टॉवेल (पैकी एक फाटका), आल्याचं खोबरेल जेवढं उरेल तेवढं, आणि रेडिओ, हे सगळं तेर्सोला. तेर्सो जन्मतः आंधळा. आम्हा सहा जणांत तो सगळ्यात वाईट मालिश करतो आणि त्याला गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त, कारण तो त्यांना हसवतो. बंदरावरचा एक कप्तान माझं कायमचं गिऱ्हाईक होता, त्याला तेर्सोने दोन हजार सोळा साली पळवलं. मी विसरलेले नाही. खाट देते आहे, माफी देत नाही.

खाटेबरोबर नियमही त्याच्याकडे जातो. आम्हा दोघांना मानांग पुरिंगने धंदा शिकवला. तीही आंधळीच होती. ती म्हणायची, डोळस माणूस स्वतःचं अंग आरशात बघतो, म्हणजे फक्त पुढची बाजू. पाठ, मान, काखेच्या मागचं त्याला जन्मात दिसत नाही. ते आपल्याला दिसतं. म्हणून हाताला जे सापडेल ते हात धुण्याआधी सांगायचं. गाठ असो, ताप असो, पोटातलं मूल असो. हाताला तेल आहे तोवर सापडलेली गोष्ट गिऱ्हाइकाची. हात धुतले की ती तुझी झाली, मग ती तुझ्याच अंगात राहते.

मी हा नियम पंचवीस वर्षं पाळला. माझा नवरा डोमिंग पोलिओने एका पायाने अधू होता, घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या मानेला मला गाठ लागली. भिजवलेल्या वाटाण्याएवढी, रबरासारखी, बोटाखाली सरकणारी. मी तेलकट हातांनीच सांगितलं. तो म्हणाला, "असू दे गं रोसे, सोबतीला." सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठींचा कर्करोग आहे, पण घाबरू नका, हा औषधाने बरा होणाऱ्यांपैकी आहे. मग त्यांनी औषधाची किंमत सांगितली. डोमिंग अकरा महिन्यांनी गेला. नियम पाळून मी माझ्या नवऱ्याला अकरा महिने घाबरवलं, एवढंच केलं.

तिसरं कलम. ओळखपत्र.

माझं अपंगत्वाचं ओळखपत्र डॉन फाउस्तिनो यांच्या सूनबाई पॅट्रिशिया यांना द्यावं. त्यांच्याकडे असं एक आहेच. त्यावर "दृष्टिदोष" लिहिलेलं आहे आणि ते दाखवून त्या हॉटेलात जेवणावर वीस टक्के सूट घेतात. एकदा हसत हसत त्यांनी स्वतःच मला सांगितलं. नंतर म्हणाल्या, "रोसे, तुझ्या ब्लाऊजचं तिसरं बटण तुटलंय." इतक्या लांबून बटण दिसणाऱ्या बाईकडे निदान एक तरी खरं कार्ड असावं.

चौथं कलम. घर.

घर माझं नाही. खालची जमीन बेर्मेहो कंपनीची आहे असं गेल्या वर्षी कळलं. वरचे पत्रे माझे आहेत, चौदा. ते मी मानांग देल्याला देणार होते, पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असा कायदा आहे. तर पत्रेही तेर्सोला. देल्या, कायद्याशी भांड.

पाचवं कलम. डोळे.

ते कोणाला द्यायला उरले नाहीत, पण कुठे गेले याची नोंद असावी.

माझा जन्म समोरच्या निग्रोस बेटावर, बेर्मेहोंच्या ऊसमळ्यावर झाला. माझ्या सहाव्या वर्षी साखरेचा भाव पडला. तेव्हा डॉन फाउस्तिनो तिशीतले होते आणि मळा नुकताच त्यांच्याकडे आला होता. त्यांनी ठरवलं, यंदा लागवड नाही. जमीन पडीक राहिली तर नुकसान कमी. बायाबापड्यांनी विचारलं, बांधाच्या कडेला रताळी लावू का. मुकादमाने येऊन सांगितलं, नको. एकदा लावू दिलं की जमीन आपलीच वाटायला लागते.

आम्ही मिठाचं पाणी आणि भात खाल्ला, मग नुसतं मिठाचं पाणी. आधी मला संध्याकाळी दिसेनासं झालं. आई म्हणायची, लवकर झोपत जा. मग सकाळीही दिसेना. डोळ्यांतून चिकट यायचं, आई ते झग्याच्या टोकाने टिपायची. डोळा अन्नावाचून विरघळतो हे मला पुढे एका नर्सने सांगितलं. शेवटी दिसलेली गोष्ट मला आठवते. आमच्या दारात उभी असलेली बदकाची पिवळी चोच. ते बदक मुकादमाचं होतं.

काही वर्षांपूर्वी पोटऱ्या दाबताना मी डॉन यांना हे सांगितलं. तक्रार म्हणून नाही, गप्पांच्या ओघात. ते म्हणाले, "फार वाईट वर्ष होतं ते, रोसे. आम्हालाही दोन घोडे विकावे लागले." त्यांच्या आवाजात खरंच दुःख होतं. घोड्यांची नावंही त्यांना आठवत होती.

सहावं कलम. धनादेश.

आम्हा सहा आंधळ्यांचा मालिशचा गाळा डॉन यांच्या मॉलमध्ये होता, सरकत्या जिन्याखाली. गेल्या नोव्हेंबरात मी त्यांना ऑपरेशनबद्दल विचारलं. ते म्हणाले, "आमच्या फाउंडेशनकडे बोलतो." आणि बोलले. मॉलच्या वाढदिवसाला मला स्टेजवर नेलं. फाउंडेशनच्या बाईंनी माझ्या हातात काहीतरी दिलं, दाराच्या फळीएवढं. म्हणाल्या, "दोन्ही हातांनी धर, सरळ समोर तोंड, हस." माइकवर आकडा सांगितला, पाच लाख पेसो. माझ्या ऑपरेशनचाच आकडा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले. कोणी सांगितलं म्हणून नाही.

आता ही चूक फक्त आमच्यासारख्याच माणसाकडून होऊ शकते. धनादेश मी आयुष्यात हातात धरला नव्हता. श्रीमंतांच्या वस्तू मोठ्या असतात एवढं हाताला माहीत होतं. त्यांच्या खाटा मोठ्या, दारं मोठी, चमचेसुद्धा मोठे. धनादेशही मोठाच असणार. दुसऱ्या दिवशी मी आणि तेर्सो तो घेऊन बँकेत निघालो. जीपनीवाला म्हणाला, हे कुठे ठेवू. तेर्सो म्हणाला, "दोन आंधळे आणि एक लखपती आहे, तिघांचं भाडं घे आणि लखपतीला खिडकीशी बसव." सगळी जीपनी हसली. मीही हसले. तेवढा अर्धा तास माझी झडप दुरुस्त झालेली होती.

बँकेत आम्ही रांगेतून तो पुढे सरकवत नेला. खिडकीशी पोचलो तर आतल्या मुलीने त्यावर बोटाने टकटक केलं. मग म्हणाली, "मानांग, हा पुठ्ठा आहे."

"पुठ्ठ्यावर लिहिलंय ना आकडा?"

"लिहिलाय."

"सही आहे?"

"आहे."

"मग काय कमी आहे?"

"हा फोटोसाठी असतो, मानांग."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. ती मुलगी बाहेर आली आणि मला पाणी दिलं. तिचं नाव मारिवी. पुढे ती मनगट दुखतं म्हणून माझ्याकडे मालिशला येऊ लागली. तिचं मनगट चांगलं ठणठणीत आहे.

फाउंडेशनमध्ये विचारलं तेव्हा कळलं की रक्कम "अंधकल्याण प्रकल्पा"ला गेली. प्रकल्प म्हणजे मालिश करणाऱ्या सहा खुर्च्या, विजेवर चालणाऱ्या. त्या फेब्रुवारीत आमच्या गाळ्यात बसल्या आणि आम्ही बाहेर पडलो. भिंतीवर ब्रेलमध्ये पाटी आहे. मी ती बोटांनी वाचली. "आमच्या अंध बांधवांना समर्पित." अक्षरं स्वच्छ आहेत, चूक एकही नाही.

पुठ्ठा चांगल्या प्रतीचा आहे, पाणी धरत नाही. पावसात मी तो खिडकीला लावते. त्याची वाट पुढे आठव्या कलमात लावली आहे.

सातवं कलम. बुधवार.

दर बुधवारी दुपारी साडेतीनला डॉन यांची गाडी मला न्यायला येते. चालवतो मानोंग निसिफोरो. बावीस वर्षं त्यांच्या नोकरीत आहे, फार बोलत नाही. त्याची मुलगी जन्मतः पायांनी अधू आहे. फाउंडेशनने तिला चाकाची खुर्ची दिली होती, फोटो काढला आणि खुर्ची परत नेली, कारण दुसऱ्या गावात त्याच खुर्चीचा फोटो काढायचा होता. हे त्याने मला एकदाच सांगितलं, सिग्नलला गाडी थांबली असताना. सिग्नल सुटला आणि विषय संपला.

गाळा गेल्यावर, पुठ्ठ्यानंतरही, मी बुधवारी का जात राहिले असं कोणी विचारेल. सहाशे पेसो मिळतात. त्यात माझ्या हृदयाच्या गोळ्या आणि आठवड्याचा तांदूळ येतो. ज्याच्यावर दात आहे त्याच्याच भाताने ते दात चालतात.

गाळ्यातून निघाल्यावर आम्ही कॅथेड्रलसमोरच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसायला लागलो. प्रार्थनेला येणारे लोक खांदे दाबून घेत. पोट चालत होतं. यंदाच्या पाच जूनला मी डॉन यांची पाठ करत होते आणि ते महापौरांशी फोनवर बोलत होते. माझ्यासमोर ते सगळं बोलतात. मला त्यांनी कधी लपवण्याजोगं माणूस धरलं नाही. ते म्हणाले, "कॅथेड्रलसमोर ते आंधळे ओळीने बसतात ना, काळे चष्मे लावून? पर्यटकांना वाटतं काहीतरी अपघात झालाय. हलवा की त्यांना. कुठेही हलवा. एखादा छोटासा नियम करा, शुक्रवारपर्यंत."

फोन ठेवून मला म्हणाले, "तुझ्याबद्दल नाही गं म्हणालो, रोसे. तू आमची आहेस."

मी खांद्यावरून वर मानेकडे गेले. आणि डाव्या हासळीवर माझा अंगठा थांबला. वाटाण्याएवढी. रबरासारखी. बोटाखाली सरकली. डोमिंगच्या मानेतून उठून ती इथे येऊन बसली होती असं मला क्षणभर वाटलं.

डॉन यांना आमचा नियम माहीत आहे. मीच कधीतरी सांगितला होता, त्यांना तो फार आवडला होता. दर वेळी शेवटी ते विचारतात, जसं कोणी राशीभविष्य विचारावं. त्या दिवशीही विचारलं, "बोल, काय म्हणतात आज हात?"

अंगठा अजून तिथेच होता.

मी म्हणाले, "काही नाही, डॉन. तिशीतल्या माणसाचं अंग आहे."

ते खूश झाले, शंभर पेसो जास्त दिले. मी न्हाणीघरात गेले. त्यांच्याकडे नळाला गरम पाणी येतं. मी साबण लावून, कोपरापर्यंत, हात धुतले.

शुक्रवारी नियम झाला. आमच्या खुर्च्या ट्रकमध्ये गेल्या.

त्यानंतर अठरा बुधवार झाले. वाटाण्याचं बोर झालं, बोराचा आवळा झाला, आणि त्याच्या शेजारी अजून दोन वाटाणे आले. त्यांच्या पाठीखालची चादर घामाने भिजते. पट्टा दोन भोकं आत गेला आहे. वजन उतरलं म्हणून घरचे कौतुक करतात. पॅट्रिशियाबाई विचारत होत्या, "पापा, काय खाता ते मलाही सांगा."

सूडाला चव असेल असं मला वाटलं होतं. नाही. हाताखाली तो एक म्हातारा असतो. टाचा भेगाळलेल्या, उजवा खांदा किंचित उतरलेला, पोटऱ्या दाबल्या की झोपेत ओठांनी फू फू करणारा. डोमिंगही असाच फू फू करायचा. अंगाला पैसा माहीत नसतो. अंग विश्वासाने सैल पडतं, कोणाच्याही हाती. नवव्या बुधवारी मी तेलकट हातांनी दारापर्यंत जाऊन परत वळले, सांगायलाच. तेवढ्यात ते म्हणाले, "बरं झालं वळलीस. पुढच्या वेळी मागच्या दाराने येत जा, पुढे पाहुणे असतात." मी "बरं, डॉन" म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मानांग पुरिंग खरं सांगत होती. ती गाठ आता माझ्या अंगात आहे. रात्री मी माझीच मान चाचपते.

आठवं कलम. डॉन फाउस्तिनो बेर्मेहो यांना.

मी त्यांना दोन वस्तू देते. एक, वर सांगितलेली बातमी, जी त्यांना माझ्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी, आत्मा निघतो म्हणतात त्या दिवशी, लेखी कळवावी. दोन, तो पुठ्ठ्याचा धनादेश, जो त्यांच्या शवपेटीत पाठीखाली घालावा. मापात बसेल. मी वितीने मोजला आहे. त्यांनाही मोजलं आहे.

इथे वकीलबाईंची बोटं थांबली ती बराच वेळ थांबली.

"मानांग, हे लिहिलं तर ते आज वाचून दाखवावं लागेल. तिघांच्या कानावर जाईल."

"जाऊ दे."

"आज सोमवार आहे. तिघांपैकी कोणी आज सांगितलं तर डॉन अजून वाचू शकतात."

"माहीत आहे."

"मग तुम्हाला नक्की काय हवंय?"

"इंदाय, साक्ष डोळसांनीच द्यायची ना? मग देऊ देत. मी आंधळी बाई, मी एकटीने काय काय बघायचं."

तर मी असं लिहून देते. जो ऐकेल त्याला बोलायची पूर्ण मोकळीक आहे. डॉन यांचा घरचा नंबर कागदावर लिहून टेबलावर ठेवला आहे. जो सांगेल त्याच्यावर माझा राग नाही, उलट मी त्याचे पाय धरीन. जो सांगणार नाही त्यालाही मी काही विचारणार नाही. एवढीच अट, जे करायचं ते हात धुण्याआधी करावं.

नववं कलम. पहिल्या वाचनानंतर, दुसऱ्या वाचनाआधी जोडलेलं.

पहिलं वाचन साक्षीदार म्हणून मारिवीने केलं. सहाव्या कलमात स्वतःचं नाव आल्यावर ती अडखळली. सातव्यात तिचा आवाज इतका बारीक झाला की देल्या म्हणाली, "मोठ्याने वाच, पोरी." आठवं तिने भरभर वाचलं.

पहिली देल्या बोलली. "माझ्या बेकरीचं भाडं त्यांच्याच कंपनीला जातं. जानेवारीत करार संपतोय. मी फोन केला तर विचारतील, तुला काय माहीत. काय सांगू, भिंतीतून ऐकलं?"

मी म्हणाले, "मी काही विचारलं नाही, देल्या."

"विचारत नाहीस तेच वाईट आहे तुझं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आणि पाव ताजाच असतो माझा."

मारिवी म्हणाली, "मानांग, माझा भाऊ त्यांच्या मॉलमध्ये पहारेकरी आहे." नाक ओढल्याचा आवाज आला. नंबरचा तो कागद तिने उचलला. घडी घातल्याचं मला ऐकू आलं. मग तो परत टेबलावर ठेवल्याचंही ऐकू आलं.

वकीलबाई म्हणाल्या, अशिलाचं गुपित वकिलाला बाहेर नेता येत नाही. हे त्या मला सांगत नव्हत्या.

तिसरा साक्षीदार निसिफोरो दाराशी उभा होता. त्याच्या शर्टाला डॉन यांच्या गाडीतल्या कातड्याचा वास येतो, म्हणून तो कुठे आहे ते मला कळतं. साडेचारला त्याला डॉन यांना न्यायला जायचं होतं. म्हणजे तासाभरात ते त्याच्या मागच्या सीटवर बसणार होते, मान त्याच्या आरशात.

"मानांग रोसे," तो म्हणाला, "ती दुखत नाही म्हणालात?"

"नाही दुखत."

"आणि औषधाने बरी होते."

"औषध घेतलं तर."

तो बराच वेळ उभा राहिला. देल्याने खुर्ची सरकवली. मला एकदा वाटलं, तो टेबलाकडे येतोय. दोन पावलं आलीही. माझ्या बिघडलेल्या झडपेने एक उडी मारली, आणि खरं लिहायचं तर मला कळलं नाही की ती उडी आनंदाची होती की भीतीची. मी जन्मात कोणाची इतकी वाट पाहिली नव्हती. तो कागद उचल, मी मनात म्हणत होते. उचल, म्हणजे माझ्या अंगातून ती निघेल.

तो म्हणाला, "नळ कुठे आहे?"

"मागच्या बाजूला," मी म्हणाले. "खिडकीखाली."

तो गेला. खिडकीला पुठ्ठा लावलेला होता, तरी स्वच्छ ऐकू आलं. आमचा नळ आधी खोकतो, मग पाणी येतं. पाणी आलं. बराच वेळ पडत राहिलं. साबण कुठे आहे असं त्याने विचारलं नाही, तरी देल्या उठून त्याला साबण देऊन आली.

परवा बुधवार आहे. गाडी साडेतीनला येईल.

यापुढे माझं काही सांगायचं उरलं नाही. वरचं सगळं, या नवव्या कलमासकट, वकीलबाई सुमागायसाय यांनी मला दुसऱ्यांदा मोठ्याने वाचून दाखवलं. ते माझंच आहे, त्यातला एकही शब्द मला बदलायचा नाही, असं सांगून मी साक्षीदारांसमोर डाव्या हाताचा अंगठा केला. उजव्याला अजून सकाळचं तेल होतं.

रोसेंडा पाल्मारेस (अंगठा)

ठिकाण: हारो, इलोइलो शहर. दिनांक १४ ऑक्टोबर २०२४, सोमवार, दुपारी चार वाजून वीस मिनिटं.

आम्ही खाली सह्या करणारे, तिघेही डोळस, हे मृत्युपत्र आमच्यासमक्ष वाचलं गेलं आणि आम्ही ते संपूर्ण ऐकलं, याची साक्ष देतो.

१. मारिवी होकोसोल, बँकेत रोखपाल (सही)

२. देल्या गारिंगालाव, बेकरी (सही)

३. निसिफोरो बालिंगीट, वाहनचालक (सही)

नोटरीचा शेरा: तिसऱ्या साक्षीदाराचे हात ओले असल्याने सहीची शाई फुटली आहे. सही ग्राह्य धरावी.